भवानीची पाटी

भरती लागली तशी पेणकडच्या त्या धक्क्यावर होड्या येऊ लागल्या आणि बायांची झुंबड उडाली. गिरजाबाई मात्र रोजच्यासारखी बर्फाच्या खोलीमागे, होड्यांकडे पाठ करून उभी राहिली. विधवा ना ती! भवानीची पाटी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईस्तोवर विधवेनं मासळीला हात लावायचा नाही, तोंडही दाखवायचं नाही, असा गावकीचा दंडक. ऐन तारुण्यात नवरा खाडीनं गिळला तेव्हापासून तिनं तो पाळला, आणि कुणी मोडू पाहिला तर तीच आधी खेकसायची.

शेजारी रोहिणी उभी होती. गागोद्याच्या शेतकऱ्याची लेक, रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. नवरा कंपनीत शिफ्टला गेला तो अपघातात तिथंच संपला, तेव्हापासून तीही विधवाच. आता ती सरकारी मत्स्यखात्यासाठी धक्क्यावर आलेली मासळी मोजायची. कुठली, किती, केवढी. खाडीत मासा किती उरलाय आणि जाळी कधी बंद ठेवायची, ते त्यावरून ठरणार होतं.

"मावशी, आज मी पुढं जाणार."

"खुळी झालीस गो? भवानी होऊ दे आधी."

"तोवर बारकी पिल्लं खताच्या टेम्पोत जातात. मला मोठाच मासा दिसतो. कागदावर खाडी भरलेली आणि जाळ्यात नुसती पिल्लं! असलं खोटं मोजून काय उपयोग हाय?"

गिरजाबाईनं तिचा पदर ओढला, पण ती निघालीच. पहिल्या पाटीपाशी बसून तिनं मोजायच्या फळीवर जिताड्याचं पिल्लू ठेवलं.

"पांढऱ्या पायाची! पाटी बाटवली!" एकच गिल्ला झाला. गिरजाबाईचा पुतण्या रितेश नाखवा होडीतून उडी टाकून आला. ना विचारपूस, ना काही. रोहिणीचे केस धरून त्यानं तिला सिमेंटवरून फरफटत नेलं. ती फळीसाठी परत धावली तेव्हा वल्ह्याचा दांडा फळीसकट तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज खोलीमागे गिरजाबाईलाही ऐकू आला. दुसरा घाव कपाळावर बसला आणि रक्त पाटीतल्या मासळीवर सांडलं.

बाया बघत राहिल्या. पदर तोंडाला लावून बघत राहणं आपल्याला फार छान जमतं हो!

गिरजाबाई कशी पुढं आली ते तिचं तिलाच कळलं नाही. वल्हं तिसऱ्यांदा उठलं ते तिच्या खांद्यावर बसलं. ती गुडघ्यांवर कोसळली.

"काकी, बाजूला हो! हिच्या पायगुणानंच मासा आटला."

"हिच्या? आणि पिल्लं टेम्पोला कोण विकतो रे, मेल्या? तुझी आय गेली तेव्हा या हातांनी घास भरवला तुला. तेव्हा नाय बाटलास?"

गिरजाबाईनं दोन्ही हात त्या रक्तानं भरलेल्या पाटीत घातले. "ही पाटी मी घेतली. आजची भवानी माझी."

"वाळीत टाकतील गो तुला!" बायांतली धोंडुबाई किंचाळली.

"टाकू देत. इतकी वर्षं भिंतीआड पाठ करून उभी होते, तेव्हा काय पंगतीत होते?"

मालू, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली तरणी कोळीण, पुढं आली आणि आपला पदर फाडून तिनं रोहिणीचं मनगट बांधलं. रितेश वल्हं धरून तिथंच उभा होता. त्याच्याकडे आता कुणी बघत नव्हतं.

"चल, आधी दवाखान्यात," मालू म्हणाली, "मग पोलिसांत. मी सांगते काय पाहिलं ते."

"एवढी पाटी मोजू दे," रोहिणी कळ सोसत, दात आवळून म्हणाली. गिरजाबाईनं तडकलेल्या फळीवर पिल्लू धरलं, रोहिणीनं डाव्या हातानं आकडा लिहिला. पिल्लू वीतभरही नव्हतं.

बर्फाच्या खोलीमागे आता कुणी उभं राहत नाही. तुमच्या घरी हळदीकुंकू असतं, तेव्हा आतल्या खोलीत कोण बसून असतं, तेवढं एकदा उठून बघा.