भोपाळपर्यंत थंड

मित्रांनो, मी एक जुना निळा आइस बॉक्स आहे, आणि आज मला गप्प बसवत नाही. दिसायला मी काही विशेष नाही. अंगभर ओरखडे, एका कोपऱ्यावर काळा डाग आणि उजवीकडची कडी बदललेली. पण भिलाईच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात येऊन विचारा, भोपाळला जाऊन आलेला डबा कोणता? सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. मी मात्र करणार आहे, कारण दुसरं कोणी करेपर्यंत थांबायला आज वेळ नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून निळं प्लॅस्टिक, आतून पांढरं आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं जाडीचा फोम. हा फोम म्हणजेच माझा जीव. कारखान्यातल्या माणसाने बर्फ भरून मला एक अख्खा दिवस तापलेल्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून त्याने आत हात घातला आणि गार लागताच तो स्वतःशीच हसला. तेव्हापासून मला माझ्या झाकणाचा भलताच अभिमान आहे.

भिलाईत आल्यावर माझ्याकडे गाईम्हशींच्या खुरकूत रोगाच्या लसी आल्या. आमचा परिचर राजकुमार मला मोटरसायकलच्या मागे बांधायचा आणि आम्ही गावोगाव फिरायचो. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं, पण माझ्या पोटातली लस कधी गरम झाली नाही. राजकुमार सगळ्यांना सांगायचा, अपना डब्बा धोखा नहीं देता. ते ऐकलं की मी फुगून जायचो.

मग चाकांचे, चकचकीत नवे डबे आले. गरज सरो, वैद्य मरो! मला गोदामात टाकलं. भय्याजी नावाचे आमचे बाबू दुपारी माझ्यावर पाय ठेवून पेपर वाचत. एका सहलीला मला नेऊन माझ्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरल्या. परत येताना दोन जण माझ्यावर बसले आणि माझी उजवी कडी तुटली. ती कोणी बदलली नाही, सुतळीने बांधून टाकली. सुतळीने बांधलेलं झाकण! मित्रांनो, मला फार वाईट वाटलं होतं.

तशी दोन वर्षं गेली आणि दवाखान्यात डॉक्टर ऐश्वर्या आल्या. त्या भिलाईच्याच सेक्टर ६ मध्ये वाढलेल्या, वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी. तेव्हा दुसऱ्या राज्यांतून बर्ड फ्लूच्या बातम्या येत होत्या आणि तयारी करून ठेवा असा सगळीकडे आदेश आला होता. मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं. हा मुळात पक्ष्यांचा आजार. रानपक्ष्यांकडून कोंबड्यांना होतो आणि चपलांना, पिंजऱ्यांना, टोपल्यांना लागलेल्या घाणीतून पुढे जातो. माणसाला क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो. म्हणून तहान लागल्यावर विहीर खणून चालणार नाही. कोंबड्या अचानक मेल्या तर त्यांचे नमुने भोपाळच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायला हवेत, आणि तेही थंडच. वाटेत गरम झाले तर सगळी मेहनत पाण्यात.

नवे डबे दुसऱ्या केंद्रांवर गेलेले होते. मॅडम गोदामात आल्या, माझ्यावरची धूळ झटकली, सुतळी सोडली आणि राजकुमारला म्हणाल्या की याला नवी कडी बसवा. त्या दिवशी मला कोणी लाखाचं बक्षीस दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

पहिली रंगीत तालीम भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीत झाली. आजार आलाच आहे असं धरून सगळं करून बघायचं होतं. पांढरे सूट घातलेली माणसं, दोन गाड्या, भोंगा, आणि पुढच्या गाडीत मी! पण वस्तीत पोचून बघतो तर काय, एकही कोंबडी दिसेना. लोकांना वाटलं, कोंबड्या धरून न्यायला आले. कोणाला वाटलं, अतिक्रमण हटवायला आले. आदल्या दिवसापर्यंत अंगणभर फिरणाऱ्या कोंबड्या खाटांखाली, कोठीत, बंद पडलेल्या कूलरमध्ये जाऊन बसल्या होत्या. गुलाबराव नावाचे एक गृहस्थ पालथ्या टोपल्यावर बसून, आमच्या घरी कोंबडी नाहीच, असं ठासून सांगत होते आणि खालून टोपलं कुरकुरत होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

मला हसू आवरत नव्हतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या ध्यानात आलं की आजार खरा असता तर लपवलेल्या कोंबड्यांबरोबर तो आता लेकरांच्या अंथरुणापाशी पोचला असता.

आणि मग माझीच फजिती झाली. दवाखान्यात परतल्यावर मॅडमनी माझं झाकण उघडून थर्मामीटर बघितलं. तेवीस अंश! फ्रीजरमध्ये सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या आणि बर्फाच्या थैल्या नुसत्याच गार झालेल्या, गोठलेल्या नव्हत्याच. त्यात माझा काय दोष? तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारी मॅडमनी रुआबांध्याच्या बुद्धविहारात बैठक घेतली. कोपऱ्यात मीही होतो. मॅडमनी विचारलं, तुम्ही कोंबड्या का लपवल्या? तेव्हा धोंडबा उठले. प्लांटमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, विदर्भातून आलेलं कुटुंब. त्यांची बायको शेवंताबाई शेजारीच बसली होती. धोंडबा म्हणाले, "मॅडम, प्लांटमधी गॅसचा सायरन वाजला का आमी लपत नाही, ठरल्या जागी जमा होतो. कावून? कारण मालूम असते का थो आपल्याले वाचवाले वाजून राहिला. तुमची गाडी आली का लोकं लपतात. पहिले थे बदला."

मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मग दर पंधरवड्याला त्या साध्या कपड्यांत वस्तीत जाऊ लागल्या, कोंबड्यांना जंताचं औषध देऊ लागल्या. खरं काय होईल तेही त्यांनी लपवलं नाही. आजार निघाला तर एक किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी मारावी लागेल, भरपाई मिळेल, पण कोंबडी परत मिळणार नाही. मेलेल्या कोंबडीला हात लावायचा नाही, फोन करायचा. इकडे राजकुमारने फ्रीजरवर कागद चिकटवला की इथे पाण्याची बाटली ठेवणाऱ्याची बाटली नाल्यात जाईल. दर सोमवारी तो थैल्या ठोकून बघायचा. टण्ण वाजली की गोठली.

मार्चमध्ये एका सकाळी फोन वाजला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शेवंताबाई बोलत होती.

"मॅडम, माह्या दहा कोंबड्या होत्या. चार मेल्या. लाली पण गेली. मी हात नाही लावला, कोणाले येऊ पण नाही देऊन राहिली. पाठवा तुमची गाडी."

लाली म्हणजे तिची सगळ्यात लाडकी कोंबडी, माहेराहून आणलेल्या जोडीतली उरलेली. शेवंताबाईला सगळं ठाऊक होतं. आजार निघाला तर तिच्या उरलेल्या सहाच काय, शेजारीपाजारी सगळ्यांच्या कोंबड्या जाणार आणि जन्मभर तिचं नाव निघणार. गपचूप खड्डा खणून पुरल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. तरी तिने फोन केला.

अर्ध्या तासात आम्ही रुआबांध्याला होतो. या वेळी कोंबड्या अंगणातच होत्या. वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून धोंडबा बसले होते आणि आत कोणालाही सोडत नव्हते. मॅडमनी सूट चढवला, जिवंत कोंबड्यांच्या घशातले नमुने घेतले, मेलेल्या पिशवीत पिशवी घालून बंद केल्या. मितानिन, म्हणजे आमच्याकडची आशाताई, दामिनी दारातूनच शेवंताबाईचा आणि धोंडबांचा ताप मोजत होती, आणि पुढचे दहा दिवस रोज मोजणार होती. नमुन्यांच्या नळ्या एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात आणि ते सगळं माझ्या पोटात! भोवती टणटणीत गोठलेल्या थैल्या. नवी कडी खट्‌कन बसली. माझा फोम नुसता शहारला.

राजकुमार जीपमध्ये मागे बसला आणि म्हणाला, डब्बा मेरे पास रहेगा. भिलाईतलं नेहरू नगर मागे पडलं, राजनांदगाव गेलं, मग जंगलाचा रस्ता लागला. माझ्या बाहेर लोंबणारा थर्मामीटरचा काटा चारावर होता. आठच्या वर जायचं नव्हतं. सिवनीच्या पुढे टायर पंक्चर झालं. ऊन नुसतं भाजत होतं. काटा पाचावर आला, सहावर आला. राजकुमारने मला उचलून पळसाच्या सावलीत ठेवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी गमछ्यावर ओतलं आणि तो माझ्यावर पसरला. स्वतः मात्र तहानलेला बसला. मी मनात एकच घोकत होतो, लालीला मी वाचवू शकलो नाही, पण शेवंताबाईची हिंमत वाया जाऊ देणार नाही. टायर बदललं, गाडी निघाली आणि काटा सहावरच थांबला. थांबला म्हणजे थांबलाच!

रात्री उशिरा भोपाळ आलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी काटा बघून नोंद केली आणि नमुने ठीक असल्याचं राजकुमारला सांगितलं. त्या दोन शब्दांसाठी मी एवढी वर्षं जगलो असं मला वाटलं. मग मला आतून बाहेरून औषधाने धुतलं आणि परत पाठवलं.

पुढचे तीन दिवस फार अवघड गेले. वस्तीतून कोंबडी बाहेर न्यायला आणि अंडी विकायला बंदी होती. दामिनी दवाखान्यात येऊन सांगायची की शेवंताबाईशी कोणी बोलत नाही. उरलेल्या सहांतल्या आणखी दोन मेल्या होत्या. ताप मात्र कोणालाच नव्हता.

चौथ्या दिवशी भोपाळहून फोन आला. मॅडमनी ऐकलं, डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितलं, बर्ड फ्लू नाही. ती मानमोडी होती, कोंबड्यांचाच दुसरा जुना आजार. त्याची लस मिळते आणि तो असा माणसाच्या जिवावर उठत नाही. राजकुमारने मला उचलून गरकन फिरवलं.

दुसऱ्याच दिवशी मानमोडीची लस घेऊन मी पुन्हा रुआबांध्याला गेलो. सगळे आपापल्या कोंबड्या घेऊन आले. तालमीच्या दिवशी ज्यांच्याकडे एकही नव्हती, त्या गुलाबरावांकडे अकरा निघाल्या! लस टोचून घेता घेता त्यांनी शेवंताबाईला टोमणा मारलाच.

"काहीच नोहतं. उगाच साऱ्या मोहल्ल्याले घाबरवलं."

शेवंताबाईच्या हातात तिची शेवटच्या चारांतली एक होती. ती हळूच म्हणाली, "काही नोहतं, थे आज मालूम पडलं, भाऊ. थ्या दिवशी तुमाले मालूम होतं का?"

गुलाबरावांनी आपल्या कोंबड्या टोपल्यात भरल्या आणि घरची वाट धरली. मला मात्र फार राग आला होता. तोंड असतं तर मी चांगलाच बोललो असतो.

मित्रांनो, ही गोष्ट मागच्या मार्चची. आणि मला आज का गप्प बसवत नाही ते आता ऐका. आज सकाळी दवाखाना उघडला तेव्हा फाटकाबाहेर एक माणूस उभा होता. आत या म्हटलं तरी येईना. ते गुलाबराव होते. पाय साबणाने धुतलेले, अनवाणी. चप्पल घरीच ठेवून ते चालत आले होते.

"मॅडम, मी आत नाही येत," ते फाटकापलीकडून म्हणाले. "फोन लागून नाही राहिला तुमचा. माह्या तीन मेल्या रातच्यानं. हात नाही लावला. शेवंतावहिनीनं वाट अडवून धरली हाय."

मॅडमनी त्यांना एका शब्दानेही मागचं ऐकवलं नाही. बरं केलंत दादा, एवढंच म्हणाल्या आणि राजकुमारला हाक मारली. राजकुमार थैल्या ठोकून बघतोय. टण्ण, टण्ण! माझं झाकण उघडं आहे, बाहेर जीप सुरू झाली आहे. या वेळी काय निघेल ते मला माहीत नाही. काहीही निघो, मी थंड राहीन.

तुम्ही तेवढं माझं ऐका. ज्याची गरज रोज पडत नाही, अशा वस्तूला पाय ठेवायचा पाट समजू नका. तिला पुसा, तिची कडी वेळेवर बदला. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगा. आणि कोणी असं सांगायला आलं, मग नंतर काहीच निघालं नाही, तरी त्याला हसू नका. त्या वेळी शेवंताबाईला सगळेच हसले असते आणि ती खचली असती, तर आज गुलाबराव फाटकापर्यंत आलेच नसते.