उघडा राहिलेला अर्ज

आमच्या संस्थेची तीन कॉलेजं : संगमनेर, श्रीगोंदा आणि कर्जत. तिन्हीकडच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरांच्या पोटात काही नाही, नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. सगळे प्रोग्रॅम चालतात संगमनेरात, माझ्या खोलीतल्या तीन सर्व्हरांवर. कुठल्याही गावात बसा, लॉगिन करा, काल अर्धवट सोडलेलं काम जसंच्या तसं समोर येतं. हे सगळं सांभाळते मी, नाझनीन. कोण कुठे बसलंय त्याची यादी मला दिसते. कुणाच्याही स्क्रीनमध्ये डोकावता येतं, त्यावर टाईपही करता येतं. पण विनाकारण मी डोकावत नाही. अम्मीने तेवढं वळण लावलंय.

मुजफ्फर सर चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होते. गेल्या जूनमध्ये त्यांची श्रीगोंद्याला बदली झाली आणि हा माणूस हूं की चूं न करता बॅग उचलून गेला. मला राग आला. अजून आहे. आणि आठवणही येते, रोज येते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. श्रीगोंद्याच्या नव्या लॉगिनने ते पावणेदहाला यादीत उगवतात. ते नाव दिसल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

जाताना जुनं लॉगिन मात्र ते बंद करायला विसरले. त्यावरचं काहीतरी काम अकरा महिने दोन नंबरच्या सर्व्हरवर उघडं होतं. बाकीचे दोन सर्व्हर मी दर महिन्याला बंद-चालू करते. दोन नंबरला कधी हात लावला नाही; बंद केला की सेव्ह न केलेलं काम पुसलं जातं.

"त्यो काय तुमच्या माहेरचा हाय का, मॅडम? लई जपताय," लॅब झाडणाऱ्या छबूबाई म्हणायच्या.

आज तो काढून नवा बसवायचा होता. पाचला बंद. त्याआधी उघडी कामं सेव्ह करणं माझ्याकडेच, म्हणून पहिल्यांदा डोकावले.

प्राचार्यांच्या नावे अर्ज होता. तारीख गेल्या जूनची. 'माझी बदली रद्द करून मला संगमनेर येथेच ठेवावे, ही विनंती. कारण :'

पुढे कोरं.

मेल्याने एवढं लिहिलं आणि दिलंच नाही! आणि मी अकरा महिने नुसती जळत बसले. मी त्यांच्या श्रीगोंद्याच्या स्क्रीनवर निरोप पाठवला, "तुमचा जुना अर्ज इथे उघडा आहे. पाचला जाईल. काय करू?"

पाचला वीस मिनिटं असताना त्यांचं जुनं लॉगिन जागं झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत अर्जातला कर्सर हलला. 'कारण'पुढे अक्षरं उमटली.

'तुम्हाला माहीत होतं.'

मी त्याखालीच टाईप केलं, 'नव्हतं. सांगितलं असतं तर कळलं असतं.'

'तुम्ही नाही म्हणाला असतात, तर रोज शेजारी कसा बसलो असतो?'

मी विचारलं, 'आणि आता? कारण तेच आहे?'

कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहिला. पाच वाजले. छबूबाई किल्ल्या घेऊन दारात आल्या. त्यांना म्हटलं, थांबा जरा.

मग कर्सर वर सरकला. एकेक ओळ ओलांडत थेट डोक्यावर गेला. गेल्या जूनची तारीख एकेक आकडा करून पुसली गेली आणि तिथे आजची तारीख आली.

मी आधी अर्ज सेव्ह केला. मग दोन नंबर बंद केला.