नलिनी काय म्हणाली

देवमन वानखडेनं मागच्या दाराकडं एकदा पाहून घेतलं, चुलीवरच्या वरणाचं झाकण उचललं आणि त्यात मिठाची आणखी एक मूठ टाकली. पळी होती तशीच आडवी ठेवली. मग पुढच्या खोलीत येऊन टेबलावर कोपर टेकले आणि सकाळपासून लिहीतच बसलेल्या माणसासारखा चेहरा केला.

पंचफुला अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आली. घड्या घातल्या, पाट मांडला, ताटं वाढली. पहिल्या घासाला त्याचंच तोंड वाकडं झालं. तिनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला. देवमन जेवण सोडून तिच्या ओठांकडं पाहत राहिला. एरवी असं वरण पानात आलं असतं, तर ‘कोन मेलं मीठ टाकाले आलं होतं घरात?’ इथून तिनं सुरुवात केली असती, आणि तिथून पुढं दीड पान तरी कुठं गेलं नव्हतं.

“मीठ किंचित अधिक झालेलं दिसतं,” पंचफुला म्हणाली. “क्षमा असावी.”

देवमननं उचललेला घास परत ताटात ठेवला. मिठामुळं नव्हे.

“काय म्हनलं?”

“काही नाही. आपण दही घ्यावं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या घरात ‘आपण’ पहिल्यांदाच आला होता. देवमननं दही घेतलं.

देवमनचा धंदा कादंबऱ्यांचा. धंदाच म्हणायचा, कारण लिहिणारा तोच, छापून घेणारा तोच, आणि पिशव्यांत गठ्ठे भरून एस.टी.नं अकोट, पातूर, बार्शीटाकळीच्या स्टॉलांवर पोचवणाराही तोच. छप्पन साली त्यानं सगळ्या वस्तीबरोबर धर्म बदलला आणि पुढच्या वर्षी एकट्यानं नाव बदललं. पुस्तकांवर तो विलास पुणेकर होता. भुसावळच्या पलीकडं त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं, पण त्याच्या नायिका डेक्कन जिमखान्यावर राहत, टेनिस खेळत आणि लोणावळ्याला जाऊन रुसत. तो राहायचा त्या अमरावतीत लोक त्याला पुस्तकांचा एजंट समजत. विलास पुणेकर कोण, हे घरात पंचफुलाला ठाऊक होतं आणि बाहेर दोघातिघांना.

नायिकेनं काय बोलावं, हे त्याला कधीच सुचत नसे. हे त्यानं स्वतःशी कबूल केलेलं होतं. माणसाच्या हिशेबात एखादी नोंद चोख असते, ती ही. म्हणून मुद्दाम उशिरा घरी यायचं, नाहीतर सदऱ्याचा खिसा उसवून ठेवायचा, नाहीतर शेजारच्या माणिकबाईच्या पिठल्याची तारीफ करायची, आणि पंचफुला काय म्हणते ते कानात साठवून टेबल गाठायचं. तिथं ‘मले’चं ‘मला’ करायचं, ‘काहून’चं ‘का बरं’, ‘करून राह्यले’चं ‘करताय’. एवढं केलं की चुलीपुढची बाई उठून थेट डेक्कनवर. नायकाचं बोलणं मात्र सगळं त्याचं स्वतःचं असे.

अकोटचा वाचनालयवाला गोवर्धन त्याला दर खेपेला ऐकवी, “विलासराव, पोरगी झकास. हिरो तेवढा लाकडाचा हाय. त्याले पालवी कवा फुटन?”

देवमन हसून सोडून देई. खपत पोरीच होत्या.

आणि आता नव्या कादंबरीतली पोरगीच बोलेना.

मंगळवारी तो अकोल्याला प्रेसवर गेला, तेव्हा मालक ओमप्रकाश यंत्राला तेल घालत होता. त्यानं वर न पाहताच विचारलं, “बोलली का तुमची नलिनी?”

“बोलते. दोन दिवसांत बोलते.”

“अरे भाई, हिरोनं माफी मागितली, गाडीनं शिट्टी दिली, आता बाई काय म्हणते एवढंच राहिलं ना? हो म्हणू द्या, नाही म्हणू द्या, आपल्याकडं दोन्हीचा टाईप आहे.” ओमप्रकाशनं हात पुसले. “शेवटच्या पानांचा फर्मा चार दिवस बांधून पडलाय, देवमनभौ. दिवाळीची कामं सुरू झाली. शुक्रवारी दुपारपर्यंत मॅटर नाही आलं तर मी जुळवलेला टाईप सोडून देणार. मग नलिनीला दिवाळीनंतर बोलवा.”

दिवाळीनंतर म्हणजे स्टॉलवरची जागा दुसऱ्या कुणाची. मास्तरकी सोडून त्यानं हा धंदा धरला होता, तेव्हा सासऱ्यानं काही म्हटलं नव्हतं, नुसतं जावयाकडं पाहिलं होतं. ते पाहणं देवमनच्या अजून लक्षात होतं.

परतीच्या एस.टी.त त्यानं मांडीवर वही ठेवून नलिनीचं उत्तर स्वतःच लिहिलं. मूर्तिजापूर येईपर्यंत वाचून पाहिलं. नलिनी तहसील कचेरीतून आलेल्या नोटिशीसारखी बोलत होती. त्यानं कागद फाडून खिडकीबाहेर सोडला.

बुधवारी त्यानं खिसा उसवला. “शिवून ठेवते हं,” पंचफुला म्हणाली. त्यानं माणिकबाईच्या पिठल्याचं नाव काढलं. “खरंच, त्यांच्या हाताला चव आहे.” शेवटी तर त्यानं घरात पाय ठेवता ठेवता तिच्या माहेरावरच घसरून पाहिलं, तुझ्या भावाले अक्कल कवा येईन म्हणून. भावावर कुणी बोट ठेवलं तर ती पदर खोचून उभी राहायची. आता तिनं दिव्याची काच पुसत नुसती मान डोलावली आणि म्हणाली, “आपलं म्हणणं रास्त आहे.”

प्रत्येक वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं आणि कुठं ते त्याला सापडत नव्हतं. घरात कुणी परकी बाई येऊन राहावी आणि तिनं पंचफुलाचं लुगडं नेसावं, तसं ते होतं.

गुरुवारी सकाळी पंचफुला बाजारात गेली असताना शालू आली. माणिकबाईची लेक. उंबऱ्यातूनच तिनं आत डोकावलं.

“काका, काकू नाई का? मले माही पुस्तकं पायजे होती.”

“कोनती पुस्तकं?”

“विलास पुणेकरची. आठवडा झाला नेऊन. माह्या मैत्रिणी मांगून राह्यल्या.”

देवमनच्या हातातली पेन्सिल थांबली. पंचफुलाला वाचता येत होतं, पण तिनं त्याचं एकही पुस्तक कधी उघडलं नव्हतं. घरचंच काय वाचायचं, असं ती म्हणायची, आणि त्याला ते सोयीचं होतं.

“तिनं काहून नेली?”

“तेच तं. मी नळावर वाचून दाखवून राह्यली होती. पानी आलं नव्हतं न. ‘मला समजावू नका, नुसते बसा,’ असं ते आलं ना, तं आई रडली, पार्बतामावशी रडली. काकूच तेवढी रिकामी घागर घेऊन वापस गेली. पानी आल्यावरई आली नाई. मंग सांजच्याले आमच्या घरी येऊन म्हने, शालू, याची असतीन तेवढी दे.” शालूनं आवाज खाली आणला. “आन म्हने, बाई, या मानसाच्या घरी कोनी तरी गेलं असन.”

“सांगतो तिले,” देवमन म्हणाला.

शालू गेली. त्यानं वही मिटली.

त्यांची लेक सुजाता तेव्हा आठ महिन्यांची होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक, भर दुपार, पंचफुलाच्या मांडीवर दुपट्याची घडी. तो काहीबाही बोलत होता. डॉक्टर काय म्हणाला, ताप कसा चढला, कुणाच्या हातात काही नसतं. तेव्हा ती म्हणाली होती, “मले समजावू नोका. नुस्ते बसा.” आणि तो बसला होता. पुढं दोन वर्षांनी त्यानं ते वाक्य महाबळेश्वरला नेलं. तिथं नायिकेच्या साखरपुड्याची अंगठी तळ्यात पडते. तो प्रसंग लोकांना फार आवडला होता.

पंचफुला परतली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि ओसरीवर हरभऱ्याची डाळ सुपात घेऊन निवडत बसली. देवमन बाहेर आला. बसावं की उभं राहावं हे न कळून खांबाला टेकला.

“शालू आली होती.”

“तिची पुस्तकं पेटीवर ठेवलेली आहेत. आपण देऊन टाकावीत.”

“पंचफुला, असं बोलू नोको.”

“का बरं? कुठं चुकतंय का माझं?”

“चुकत नाई. ते पुस्तकातलं हाय.”

“आणि मी कुठली आहे?”

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. डाळीतला खडा शोधावा तसं विचारलं होतं. देवमन खांबाचा उडालेला रंग नखानं आणखी उडवत राहिला. समोरून गुळाच्या ढेपांची गाडी गेली.

मग पंचफुलानं सूप खाली ठेवलं.

“एक इचारू का?”

आठवडाभरानं तिचा आवाज घरात आला होता. “इचार न,” तो म्हणाला, आणि घाईनं म्हणाला.

“सुजाता गेली, त्या दुपारी तुमी माह्याजवळ बसले होते, का पाठ करून राह्यले होते?”

नलिनीचं उत्तर ते हेच, हे त्याला लगेच कळलं. गाडीची शिट्टी, हिरोची माफी, आणि मग हे. पानावर ते कुठं येईल, त्याच्याआधी किती जागा सोडायची, तेसुद्धा दिसलं. त्यानं मन आवरायच्या आधीच आतल्या आत कुणीतरी आपलं नेहमीचं काम करून मोकळंही झालं होतं: ‘त्या दुपारी तुम्ही माझ्याजवळ बसला होता, की पाठ करत होता?’

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता. पंचफुला त्या अंगठ्याकडं पाहत होती.

“घ्या लिवून,” ती म्हणाली. “इसरसान.”

“नाई इसरत मी.”

त्याला व्हरांड्यातला बाक म्हणायचा होता. दुपट्याची ती घडी, तिच्यावर ठेवलेले तिचे दोन्ही हात, ते म्हणायचे होते. पण वाक्य तोंडातून सुटलं आणि ओसरीवर तिच्यापुढं जाऊन पडलं, तेव्हा त्याला त्याची दुसरी, वहीकडची बाजू ऐकू आली. तो ते परत घ्यायला तोंड उघडणार होता. कसं घेतात ते त्याला माहीत नव्हतं.

पंचफुलानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. दोनदा पाखडलं.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “म्हनून तं इचारलं.”