दोन बोटं

हवेच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या रबरावर दातांच्या खुणा होत्या — चार, खोल, डावीकडची तर जवळजवळ आरपार — आणि त्या अंगठ्याने चाचपताना एसेनकुलच्या मनात येत होतं की गेल्याच महिन्यात बदललेलं हे रबर आपण इतकं कधी चावलं... पाण्याखाली आपण दात आवळून असतो हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? तिथे जोडीला जो असतो त्याला फक्त हात दिसतात.

"काका, रबर खाताय की काय? पिशवीत तळलेले बोरसोक आहेत, ते खा," सुकाणूपाशी बसलेला शायलो हसला.

नाव थांबली होती. इस्सिक-कूल सरोवराचं पाणी सकाळी असतं तसं निवळ होतं, तळाचे दगड मोजता येतील असं. आणि जिथे उथळ भाग संपत होता तिथून पुढे ते एकदम काळं होत गेलं होतं. समोरच्या फळीवर बुरुल रबरी पोशाखाचा गळा नीट करत होती. त्याच्या जुन्या जोडीदाराची, तोकोनची मुलगी. चोवीस वर्षांची, बापासारखीच रुंद कपाळाची. सहा वर्षं एसेनकुलने तिच्या घराच्या गल्लीतून जाणं टाळलं होतं, आणि या वसंतात बुडालेल्या गावाच्या भिंती मोजणाऱ्या त्यांच्याच तुकडीत ती दाखल झाली. जोड्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे तिचं नाव होतं. तिने ते मागून घेतलं होतं, असं त्याला नंतर कळलं. का मागितलं असेल?

"खुणा करून घेऊ या, काका?"

उतरण्याआधी खुणा करून घ्यायच्या, हा नियमच. अंगठा आणि तर्जनीचं कडं — ठीक. अंगठा वर — वर चला. मूठ छातीवर — हवा कमी. आडवा हात गळ्यावरून — हवा संपली.

"झालं," तो म्हणाला.

"एक राहिली."

तिने तळहात पालथा, सपाट धरला आणि बोटं पसरून तो सावकाश डावीकडे-उजवीकडे कलता केला.

"हां... ती. काहीतरी बिघडलंय. मग जिथे बिघडलंय तिथे बोट दाखवायचं."

"बाबांनी केली होती का ही? त्या दिवशी?"

शायलोने दोर उगाचच उलगडायला घेतला.

"नाही ग पोरी," एसेनकुल म्हणाला. "मी विचारलं, ठीक आहेस ना, तर ठीक म्हणाला. कडं केलं त्याने."

"आईही तेच सांगते," बुरुल मुखवटा धुता धुता म्हणाली, "तुम्ही तिला सांगितलेलं."

पाणी डोक्यावर मिटलं तसे आवाज संपले. उरला फक्त स्वतःचा श्वास — आत ओढताना खरखर, सोडताना बुडबुडे. इथे माणूस खोटं बोलू शकत नाही, असं तोकोन म्हणायचा. बोलायला तोंडच नाही तर खोटं कुठून येणार! तुला कसं सांगू, तोकोन, की खोटं वर गेल्यावर बोलता येतं, आणि खाली काय घडलं याला साक्षीदार दोनच असतात, आणि त्यातला एक...

त्या दिवशी गाळातून काशाच्या कढईचा काठ वर आला होता. कोपरापर्यंत हात गाळात घालून मी ती हलवत होतो. मान वळवली तर तोकोन तळहात हलवत होता. मग त्याचं बोट छातीवर गेलं, डावीकडे. मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि मी दोन बोटं वर केली — दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं थांब, ही निघतेच आहे... त्याने मान डोलावली. तोकोन नेहमी थांबायचा. कढई सुटली तेव्हा मी आनंदाने वळलो, आणि तो तळावर कुशीवर पडलेला होता, झोपल्यासारखा, आणि त्याच्या नळीतून बुडबुडे येत नव्हते.

सोळा मीटरवर भिंत लागली. एसेनकुल मापाची फीत पसरत होता. एक दगड, दुसरा दगड. त्याला उगाच पाठीकडे थंडी जाणवली आणि त्याने मान वळवली.

बुरुलचा तळहात कलत होता. डावीकडे, उजवीकडे. मग तिचं बोट छातीवर टेकलं. डाव्या बाजूला.

फीत त्याच्या हातून सुटली. आपण तिच्यापर्यंत कसे पोहोचलो हे त्याला नंतर आठवेना. त्याने तिचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पुन्हा पुन्हा वर करत होता, वर, वर, वर. ती काही दाखवू पाहत होती, त्याने दाखवू दिलं नाही.

पाच मीटरवर नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबायचं. दोघं दोर धरून समोरासमोर तरंगत होती. काचेमागून ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती, आणि हे पाहणं नुसतं पाहणं होतं की वाट पाहणं, ते त्याला ठरवता येईना. हातांच्या या भाषेत 'आहे' होतं, 'जा' होतं, 'थांब' होतं. 'होतं' मात्र नव्हतं. घडून गेलेलं कसं सांगायचं?

त्याने दोर सोडला. तळहात पालथा धरला, कलता केला. छातीकडे बोट नेलं. मग खाली, जिथे काळोख सुरू होत होता तिकडे दाखवलं. मग स्वतःकडे. आणि मग दोन बोटं वर केली, आणि तशीच धरून ठेवली.

बुरुल हलली नाही. तिचे बुडबुडे थांबले — एक, दोन, तीन क्षण — मग पुन्हा सुरू झाले. सावकाश तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं. विचारणाराही हेच कडं करतो आणि उत्तर देणाराही. तू ठीक आहेस ना? की — कळलं मला?

"एवढ्यात? मासा चावला की काय?" शायलोने हात देऊन तिला वर घेतलं.

"पट्टा आवळला होता. बकल टोचत होतं," ती म्हणाली. छातीवर, डाव्या बाजूला, उतरण्याआधी तिनेच भलत्याच भोकात अडकवलेलं बकल तिने सोडलं. "काका घाबरले."

"एसेनकुलकाका? घाबरले?"

तिने थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतला, एक त्याच्याकडे सरकवला, केस पिळले आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसली. पाठमोऱ्या तिच्या मानेचं हाड तोकोनसारखंच वर आलेलं होतं. सहा वर्षं ती कधीतरी जाब विचारेल या धाकात तो जगला होता. इंजिन सुरू झालं, पाणी दोन्ही बाजूंना फाटत गेलं, चहा हातात निवत गेला — आणि आता त्याला पहिल्यांदाच वाटू लागलं की ती विचारणारच नाही. उद्याही नाही, परवाही नाही. ती रोज त्याच्याबरोबर उतरेल, कडं करेल, वर येईल, चहा देईल... आणि हा धाक त्या पहिल्यापेक्षा कितीतरी खोल होता. याला तळच लागत नव्हता.