सात पायांचा कोळी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझं झाकण केव्हाच हरवलं, काठाचा टवका उडाला आहे आणि तळाशी लाल रंगाचं एक कडं आहे, ते कितीही घासलं तरी जात नाही. तरीही मला अजून कुणी फेकून दिलेलं नाही. का, ते सांगते.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेली काच साच्यात फुंकली आणि माझ्यासारख्या हजार जणी रांगेत उभ्या राहिल्या. माझ्यात मध भरला, अंगावर सोनेरी लेबल चिकटवलं. दुकानाच्या फळीवर मी काय मिरवले म्हणून सांगू! पण घरी आले, मध संपला, आणि माझा तोराही त्याबरोबर संपला.

त्या घरातले बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे गाडी लावू नये’च्या. त्यांचे कुंचले माझ्यात बुडू लागले. बाबांची एक सवय होती. पाटी पुरी झाली की उजव्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका द्यायचा. ठिपका दिला म्हणजे काम संपलं. तोवर पाटी दाराबाहेर जायची नाही.

पुढे कुंचल्यांसाठी मोठा डबा आला आणि माझी रवानगी माळ्यावरच्या रिकाम्या खोलीत झाली. दोन वर्षं मी खिडकीत धूळ खात पडले. एक बारीकसा कोळी माझ्यात राहायला आला होता. खरं सांगायचं तर मला त्याची सोबत बरी वाटली.

मग एका सुट्टीत ती खोली मागायला बाबांची मुलगी आली. दहा वर्षांची, इतकी बारीक की सगळे तिला काडीच म्हणत. ती खाली आत्याच्या खोलीत झोपायची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि रात्री घोरायची. काडीला स्वतःची खोली हवी होती. बाबांना तीच खोली रंगाच्या डब्यांसाठी हवी होती.

“सुट्टी संपेपर्यंत वर राहून दाखव,” बाबा म्हणाले. “कोळी बघून एकदा जरी खाली पळालीस, तर डबे वर येतील.”

“आणि नाही पळाले तर?”

“तर तुझी पाटी दारावर.”

पाटी त्यांनी त्याच दिवशी रंगवली. ‘काडीची खोली’. फक्त कोपऱ्यात ठिपका दिला नाही.

पहिल्याच सकाळी भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी. काडी पळाली नाही, पण अशी किंचाळली की आत्याच चप्पल घेऊन वर धावली. तिने एक सणसणीत फटका दिला. ती होती कोळीण, पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती घेतलेली. चकती फुटली आणि शे-दोनशे पिल्लं भिंतभर पसरली. आत्या खाटेवर चढून उभी राहिली.

“एकाला मारायला गेले, तर अख्खं खानदान निघालं की गं!”

पिल्लं झाडून बाहेर काढता काढता दुपार झाली. काडी घामाघूम झाली होती, पण तिने ओठ घट्ट मिटले होते.

“चप्पल खाली ने, आत्या. इथून पुढे मी बघते.”

“काय बघणार? हात जोडून विनंती करणार त्यांना?”

काडीने मला उचललं, धुतलं, पुसलं. बाबांच्या रद्दीतून एक पुठ्ठा आणला. त्यावर नमुना म्हणून ‘सावकाश’ असं रंगवलेलं होतं. कोळ्यावर मला पालथं घालायचं, भिंत आणि मी यांच्यामधून पुठ्ठा सरकवायचा, आणि कोळी खिडकीबाहेर सोडायचा. असा तिचा बेत.

कोळी पकडायच्या पहिल्या दिवशी तिचा हात इतका थरथरत होता की मी भिंतीवर आपटले. तेव्हाच हा टवका उडाला. माझ्या काठाखाली कोळ्याचा एक पाय सापडला आणि तुटला. कोळी बाहेर गेला, पाय भिंतीवरच राहिला.

“दुखलं असेल का गं त्याला?” काडीने आत्याला विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

“आठातला एक गेला. मला दोनच आहेत, त्यातला एक रोज ठणकतो. मला विचारतेस का कधी?”

दुसऱ्या दिवसापासून काडी पुठ्ठ्यावरचं ‘सावकाश’ वाचायची आणि मगच हात उचलायची. रोज सकाळी एक कोळी, रोज खिडकीबाहेर, रोज दारामागे खडूची एक रेघ. पण मित्रांनो, कोळी आत आला की ती डोळे गच्च मिटायची आणि चाचपडत खिडकी गाठायची. माझ्यात काय आहे, हे तिने एकदाही पाहिलं नाही. मला ते दिसत होतं. पण माझं तोंड एवढं मोठं असून उपयोग काय, बोलता कुठे येतं?

बाराव्या सकाळी ती कोळ्यासकट मला घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. एक पाय खालच्या पायरीवर गेलाच होता. तेवढ्यात बाबा टेप घेऊन आले, डब्यांसाठीच्या फळ्यांचं माप घ्यायला.

“बाबा, बारा झाले. संपतच नाहीत. घरात शंभर असतील.”

बाबांनी मला उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

“काडी, डोळे उघड. ह्याला पाय किती आहेत?”

तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. पुटपुटत मोजले. सात.

बाबांनी सर्वांत बारीक कुंचला आणला, पुठ्ठा किंचित सरकवला आणि कोळ्याच्या पाठीवर अलगद एक पांढरा ठिपका दिला. काडीने त्याला नेहमीसारखं खिडकीतून सोडलं. दुसऱ्या सकाळी भिंतीवर तोच, ठिपक्यासकट.

“म्हणजे हा एकच? इतके दिवस मी ह्यालाच बाहेर सोडतेय?”

“खिडकीच्या चौकटीला ही फट, आणि सोडतेस फटीखालीच,” बाबा म्हणाले. “त्याला वाटत असेल, पोरगी रोज फिरवून आणते.”

काडी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिने पुट्टी मागितली आणि फट स्वतः बुजवली. त्यानंतर मला उचलून कोळ्याला आत घेतलं. आता कोळ्याला लांब न्यायचं होतं. एकोणीस पायऱ्या, स्वयंपाकघर आणि अंगण ओलांडून मागच्या विटांच्या ढिगापर्यंत. तेही डोळे उघडे ठेवून, नाहीतर जिन्यावरून पडलीच असती.

तिसऱ्या पायरीवर कोळी काचेवरून खाली उतरला, थेट तिच्या अंगठ्याजवळ. ती थांबली. तिची बोटं ओली झालेली मला जाणवली. मी निसटणार असं वाटलं. मग तिने पकड घट्ट केली आणि चौथ्या पायरीवर पाय ठेवला. खाली आत्याने दार उघडून धरलं.

“बाजूला हो रे,” ती बाबांना म्हणाली. “आमची स्वारी निघाली आहे.”

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बाबा पाटी घेऊन वर आले. काडीने त्यांच्या हातातून कुंचला घेतला आणि कोपऱ्यात ठिपका स्वतः दिला. हात जरासुद्धा हलला नाही. डबे खालीच राहिले.

आता मी पुन्हा खिडकीत असते, पण धूळ खात नाही. माझ्यातून कोळी, भुंगे, वाट चुकलेले टोळ बाहेर जातात. झुरळांची समजूत आत्या अजून चपलेनेच घालते. त्यांच्या भांडणात मी पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी रिकामी बरणी असेल. टवका उडाला म्हणून तिला टाकू नका. तिच्याशेजारी एक पुठ्ठा ठेवा, आणि खिडकीची फट आधी बुजवा. आणि ज्याची भीती वाटते ते बरणीत आलं, की डोळे मिटू नका. नीट बघा, पाय मोजा. एखादा कमीसुद्धा भरेल.