हाताने चढलेला टायर

छोटीला घराबाहेर पडायचं तर दुकानातूनच जावं लागे. घराला दुसरं दारच नव्हतं. मागे स्वयंपाकघर, मधे एक खोली, पुढे सायकलचं दुकान आणि दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलेले बाबा. डोक्यावर टांगलेले टायर, त्यांच्याखालून वाकून चालायचं आणि बाबांच्या गुडघ्याला गुडघा घासत बाहेर पडायचं. गुडघा घासला की प्रश्न आलाच, "कुठं?" पस्तिशी ओलांडलेल्या बाईला ऊठसूट कुठं म्हणून विचारलं तर कुणाचंही डोकं फिरेल. तिचंही फिरायचं. तरी ती सांगायची आणि सांगता सांगता निम्म्या वेळा जायचंच राहून जायचं.

आज मात्र मधल्या खोलीत तिची बॅग भरून तयार होती. दुसऱ्या शहरात सायकलींचा कारखाना होता, तिथे चाकं तपासायचं काम तिला मिळालं होतं. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं आणि त्यासाठी दुपारची बस गाठायची होती. एवढंच. पण या घरात एवढंच म्हणजे डोंगर.

बाबांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. आई गेली तेव्हा छोटी खरोखरच छोटी होती. तेव्हापासून बाबांचा एकच खेळ. ती आत अभ्यासाला किंवा भांड्यांना बसलेली असली की ते टायर घेऊन आत यायचे, तो तिच्यापुढे ठेवायचे आणि परत जाऊन ओरडायचे, "काय लिहिलंय?" ती आतून म्हणायची, "सव्वीस." "सव्वीस काय? सव्वीस तर सगळ्यांच्याच कपाळावर असतं. बारीक आकडा वाच."

आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. सव्वीस इंची टायर दोन-तीन जातींचे असतात आणि एका जातीचा टायर दुसरीच्या रिमवर धड बसत नाही. खरा आकडा तो बारीक, मिलिमीटरचा: टायर रिमवर जिथे टेकतो तिथलं माप. पाचशे एकोणसाठ, पाचशे चौऱ्याऐंशी, पाचशे नव्वद. ते जुळलं म्हणून सुटलो असंही नाही. एक हौशी गृहस्थ आपल्या सडपातळ सायकलला जाडजूड टायर लावून घ्यायला आले होते. रिमने तो घेतला, पण पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात तो असा अडकला की गृहस्थांना सायकल खांद्यावर टाकून घरी न्यावी लागली. बाबा आठवडाभर हसत होते. "रिमवर बसला म्हणून काय झालं, फ्रेममधून फिरायला नको?"

आणि एक धडा डोळ्यांचा नव्हता, हातांचा होता. मापाचा टायर शेवटच्या वीतभरात भांडतो. लोखंडी पट्टी घालून त्याला आत ढकलावा लागतो. "नुसत्या हाताने चढला तर समजायचं, मोठा आहे. हवा भरली की उसळून बाहेर येणार." हे बाबांनी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

मग बाबांचे डोळे गेले. सगळे नाही. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. दारात कोण आलंय ते कळायचं, पण बारीक आकडा दिसायचा नाही. "काय लिहिलंय?" चालूच राहिलं. खेळ कधी संपला आणि गरज कधी सुरू झाली, ते दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

नोकरीचं कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मिळाली म्हणून काय झालं?" पुढचं वाक्य तिला पाठच होतं. शेजारी राहणाऱ्या आत्याने तर कपाळालाच हात लावला. "अगं, त्याला आकडे कोण वाचून दाखवणार?" छोटीने तोंड मिटून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक टायरला बांधल्या. एकोणसाठला एक गाठ, चौऱ्याऐंशीला दोन, नव्वदला तीन. बाबांनी कुरकुर केली, पण गाठी राहू दिल्या.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई आपली जुनी सायकल टाकून गेल्या होत्या. मागचा टायर फाटला होता. छोटी आत कपड्यांच्या घड्या घालत हाकेची वाट बघत राहिली. हाक आलीच नाही. तिला हायसं वाटलं, आणि लगेच कुठेतरी लागलंही.

बॅग घेऊन ती दुकानात आली तेव्हा नर्सबाई सायकल न्यायला आल्या होत्या आणि आत्या निरोप द्यायला म्हणून पायरीवर बसली होती. बाबा म्हणाले, "छोटे, तेवढी हवा भर."

तिने पंप लावला. टायर फुगला आणि एका बाजूने रिम सोडून वर आला, आतून ट्यूबने डोकं काढलं. तिने घाईने हवा सोडली.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "ही बाई दवाखान्याच्या उतारावर पडली असती म्हणजे? अजून निघालीही नाहीस, तर ही तऱ्हा."

छोटीला वाटलं, संपलं. बस गेली, कारखाना गेला. उद्याही ती इथेच असणार, परवाही, याच टायरांखाली वाकून. तिने मुकाट्याने टायर उतरवायला घेतला आणि तो नुसत्या बोटांनी सुटून हातात आला. त्याला गाठी तीन होत्या; नर्सबाईंच्या सायकलला दोन गाठींचा लागायचा. लोखंडी पट्ट्या खिळ्याला तशाच लटकत होत्या, कुणी हातही लावलेला नव्हता.

म्हणजे तो हातानेच चढवला होता. डोळे गेले असतील, पण हात कुठे गेले होते? आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात आपण चढवलेल्या टायरची हवा दुसऱ्याला भरू दिली नाही, त्याने आज तिला का भरायला सांगितली? नर्सबाई पडू नयेत म्हणून. चूक सापडावी, आणि ती तिलाच सापडावी, म्हणजे तिचं जाणं अडेल म्हणून.

हे चारचौघांत बोलायचं तर बापाची अब्रू बापाच्याच दुकानात जाणार. "आत्या, चहा टाकतेस का गं सगळ्यांना?" ती म्हणाली. आत्या आत गेली. नर्सबाई रस्त्यावर जाऊन फोनवर बोलू लागल्या.

"बाबा, तुम्हीच चढवा."

बाबा उठले. टांगलेल्या टायरांपाशी गेले. हात गाठींकडे गेलाच नाही. त्यांनी टायरच्या अंगावरच्या उठावदार अक्षरांवरून अंगठा फिरवला, एक सोडला, दुसरा धरला आणि पुटपुटले, "पाचशे चौऱ्याऐंशी." मग खाली बसून तो चढवायला घेतला. शेवटच्या वीतभरात टायर भांडला. त्यांनी पट्टी घातली.

"अंगठ्याने वाचता?" छोटीने विचारलं. "कधीपासून?"

"डोळे जायच्या आधीपासून."

"मग मला का विचारायचात?"

पट्टी निसटली, ती त्यांनी परत घातली. "तू आतून आकडा सांगायचीस. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

तिला इतका राग आला की पंप उचलून भिंतीवर घालावा. एवढी वर्षं ती एका आकड्यापायी घरात बसली होती, आणि त्या आकड्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. त्याच वेळी तिच्याविना रिकामं घरही तिला दिसलं. डोळ्यांसाठी तिने गाठी बांधल्या होत्या. याला कुठली गाठ बांधायची?

"मी स्टँडवरूनच जातेय," नर्सबाई येऊन म्हणाल्या. "बसतेस मागे?"

छोटीला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. ती बॅग धरून टायरांखाली वाकून उभी राहिली.

"दोघी बसणार म्हणजे हवा जास्त लागेल," बाबा म्हणाले. त्यांनी पंप स्वतःकडे ओढला आणि दमत, थांबत, स्वतःच हवा भरली. अंगठ्याने टायर दाबून पाहिला. मग मान वर न करता विचारलं, "काय लिहिलंय?"

ती वाकली. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने वाचलं, "पाचशे चौऱ्याऐंशी."

"बरोबर," बाबा म्हणाले. त्यांनी दारातलं स्टूल उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं. ती बाहेर पडली तेव्हा गुडघा कुठेच घासला नाही, आणि त्यांनी कुठं म्हणून विचारलंही नाही.