गोंधळ्याची उत्तरं

"पडला! पडला! गोंधळ्या खड्ड्यात पडला!"

पाचवीच्या पोरांनी संगणकाची खोली नुसती डोक्यावर घेतली होती. एरवी या खोलीत यायचं म्हटलं की पोरं जांभया द्यायची. बारा जुनाट यंत्रं, त्यांतली दोन कायमची आजारी. चित्रं दाखवायची म्हटली तर उरलेली दहाही मान टाकतील, म्हणून संगणकाच्या सरांनी चार महिने खपून नुसत्या अक्षरांचा खेळ बनवला होता. पडद्यावर ओळी उमटायच्या: तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात. समोर दोन वाटा. तुमचा वाटाड्या गोंधळ्या गणित करून वाट सांगतो. तो बरोबर की चूक, ते तुम्ही टाइप करायचं. चूक पकडून खरं उत्तर दिलं तर पुढची गुहा. चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणालात तर दोघंही धप्पकन खड्ड्यात, आणि धडपडत वर येऊन मग पुढच्या गुहेत.

आता गोंधळ्या म्हणत होता, "सात गुणिले शून्य? सात! अहो, सात जण बसले होते, शून्य जण आले. म्हणजे कोणी आलंच नाही. मग सात कुठे जातील?"

पोरं पोट धरून हसली. सर दाराला टेकून उभे होते, तेही हसले. सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसले, हे त्यांना नंतर फार आठवलं. पण त्या घटकेला माणूस हवेत होता. अठरा वर्षं या शाळेत काढली, पण सरांची आठवण कधी व्हायची, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की. आणि आज गणिताच्या बाई स्वतः म्हणत होत्या, "सर, तास संपला तरी पोरं उठायला तयार नाहीत हो. आणि तेही गणिताला!"

मग त्यांची नजर चौथ्या यंत्रावर गेली. तिथे त्यांची लेक बसली होती. घरात तिला बारकी म्हणत. तिची बोटं टाइप करत होती, पण ती हसत नव्हती. कान लालबुंद झाले होते.

शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसत म्हणाली, "ए, तू पण फळ्यावर असंच केलं होतंस ना? सात गुणिले शून्य सात!"

"हो हो! हीच गोंधळ्या!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि झालं. टाळ्यांच्या ठेक्यावर सगळा वर्ग गोंधळ्या, गोंधळ्या करायला लागला.

सरांनी एक शब्द टाकला असता तर वर्ग गप्प बसला असता. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका आत आल्या. पोरांचा उत्साह बघून त्या एवढ्या खूश झाल्या, की ती काय ओरडताहेत याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "वा सर! कमाल केलीत! असली वेडीवाकडी उत्तरं सुचतात तरी कशी तुम्हाला?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. लेकही बघत होती.

"सुचतात अशीच," सर म्हणाले. "डोक्यातून. दुसरं काय!"

तर ती उत्तरं सरांच्या डोक्यातून आलेली नव्हती. एकही नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बापलेक गणितं करायला बसत. शाळेत बारकी चकार शब्द काढायची नाही, पण बापासमोर तोंडाला कुलूप नव्हतं. बारा शतांश पाच दशांशांपेक्षा मोठे, कारण बारा मोठे की पाच, तुम्हीच सांगा! अर्धा आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश, कारण वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. सर खदखदा हसायचे आणि म्हणायचे, "थांब थांब, हे लिहून ठेवू दे." निळ्या डायरीत ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. मग चूक समजावून सांगायचे, तेही अगदी प्रेमाने. बापाने लेकीशी दुष्टपणा केला, असं कोणी म्हणू शकलं नसतं. सरांना स्वतःलाही तसं कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी टेबलाशी बारकी आलीच नाही. खोलीत बसून तिने अभ्यास उरकला.

"अहो, हिला काय झालंय?" बायकोने विचारलं. "विचारलं तर म्हणते, काही नाही. शाळेत कोणी बोललं का?"

"दमली असेल," सर म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. तहान अजिबात लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन त्यांनी संगणकाची खोली उघडली. कोणती गणितं पोरांना जड जातात ते कळावं, म्हणून प्रत्येक यंत्रावर टाइप केलेलं सगळं साठवण्याची सोय त्यांनी खेळात केली होती. त्यांनी चौथ्या यंत्राच्या नोंदी उघडल्या. गोंधळ्या म्हणतो सात गुणिले शून्य सात. बरोबर. खड्डा. गोंधळ्या म्हणतो दोन पंचमांश. बरोबर. खड्डा. खाली खाली सगळं तेच. एकोणीस वेळा पोरीने गोंधळ्याला बरोबर ठरवलं होतं आणि एकोणीस वेळा ती त्याच्याबरोबर खड्ड्यात पडली होती. खरी उत्तरं तिला आता पाठ होती. त्यांनीच तर शिकवली होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खोलीत कोणी नव्हतं तरी.

संध्याकाळी ते लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"बारके, मी तो गोंधळ्या काढून टाकतो. उद्याच्या उद्या."

"नको. सगळ्यांना तोच आवडतो." तिने वहीतून मान वर केली नाही. मग म्हणाली, "बाबा, त्याचं एकदाही बरोबर येत नाही का? मी शेवटपर्यंत बघितलं."

"तो... तसाच बनवलाय गं. चुकण्यासाठी."

"हं."

"आणि काल मी मुख्याध्यापिकाबाईंना जे म्हणालो ना, ते..."

"तुम्ही लिहून घ्यायचात ना," बारकी मध्येच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तेव्हा मला वाटायचं, मी काहीतरी हुशार बोलले. म्हणून मी आईला पण सांगायची, बाबांनी आज माझं तीनदा लिहून घेतलं."

सर टेबलाशी आले आणि डायरी काढून बसले. मनात एक विचार आला होता: हिचं एखादं बरोबर उत्तर शोधायचं, तिच्याच शब्दांतलं, आणि ते गोंधळ्याच्या तोंडी घालायचं. मग त्या गुहेत वर्गाला गोंधळ्याचंच ऐकावं लागेल. पोरीने बरोबर सोडवलेली गणितं काय कमी होती? दहातली सात तरी रोज बरोबर असायची, आणि तीही अशीच गमतीदार कारणं देऊन.

पहिल्या पानापासून त्यांनी वाचायला घेतलं. चार महिन्यांची पानं त्यांनी एकेक करून उलटली. मग शेवटाकडून पुन्हा मागे आले. एकूण एकशे सहा नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख, आणि सगळ्या चुका. बरोबर आलेलं एकही उत्तर त्यांनी लिहून घेतलेलं नव्हतं. आठवून बघितलं, तर एकही आठवेना.

शेवटी ते पुन्हा त्या दाराशी गेले.

"बारके," ते म्हणाले, "तुझं एक बरोबर उत्तर देतेस का मला? खेळात घालायचंय. कसं सोडवलंस ते सांग, तुझं तुझं."

बारकी गणित करत होती. बाप जवळ येतोय असं दिसल्यावर तिने डावा हात वहीवर आडवा धरला आणि मांडलेलं सगळं झाकून टाकलं.

"पुस्तकाच्या मागे दिलीयत ना सगळी," ती हळूच म्हणाली. "तिथून घ्या."